कोरा हात

गोवर येऊन जातो, अंगावरचा पुरळ काळा पडून झडतो, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ होते आणि घरातले सगळे "सुटलो बापा" म्हणतात. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. मला त्या महिन्यांबद्दल लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही. पण क्षयाच्या तपासणी पथकात मी अनेक वर्षं काम केलं, त्यामुळे माझ्या घरात जे घडलं ते अडाणीपणामुळे घडलं असं मला म्हणता येत नाही. मला माहीत होतं. ज्यांच्या घरी हे दुखणं आत्ता सुरू असेल, त्यांना माझ्या औषधांपेक्षा माझ्या चुकीचा उपयोग जास्त होईल असं वाटतं.

हात वाचण्याचं काम

आमचं गाव एकोडी, साकोली तालुक्यातलं. घरी धानाची शेती, ती माझी माय बघायची. वडील मी शाळेत असताना खोकल्याने गेले. खोकल्याने म्हणजे क्षयाने, पण तो शब्द आमच्या घरात उच्चारला जात नसे. मॅट्रिक झाल्यावर मला नोकरी लागली तीही नेमकी क्षयाच्या तपासणी पथकात. माय महिनाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती.

काम सोपं होतं. गावात जायचं, लोकांच्या हाताला कातडीच्या आत एक बारीक सुई द्यायची. सुईतून आत जाणाऱ्या थेंबात क्षयाच्या जंतूचा अर्क असतो, जिवंत जंतू नसतो. तीन दिवसांनी परत जाऊन हात वाचायचे. 'वाचायचे' हाच आमचा शब्द. ज्या शरीराची त्या जंतूशी पूर्वी कधी गाठ पडली असेल, ते तिथे ओळख दाखवतं, हात लाल होऊन चढतो. गाठ पडलेली नसेल तर हात कोरा राहतो. हात चढला म्हणजे माणूस रोगी झाला असं नव्हे. कितीतरी धडधाकट माणसांचे हात चढतात. त्यांच्या शरीराने जंतू ओळखलेला असतो आणि दाबून ठेवलेला असतो, एवढंच. पण गावातले लोक सरळ म्हणायचे, चढला म्हणजे टीबी. आम्ही समजावून सांगून थकायचो.

लोक सुईला भीत, म्हणून मी आधी स्वतःला टोचून दाखवायचो. वडिलांच्या कुशीत वाढलेला मी, माझा हात दर वेळी चढायचा. माझा जोडीदार सोनबा म्हणायचा, "तुया हात त बोराएवढा फुगते गा. मोजपट्टीचं कामच नाई."

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. होळीच्या आधी आम्ही जंगलालगतच्या एका गावात गेलो. तिथे गोवराची साथ उतरत आली होती, काही दारांवर अजून कडुलिंबाचे डहाळे होते. तीन दिवसांनी वाचायला गेलो तर जवळजवळ सगळ्या पोरांचे हात कोरे. आजूबाजूच्या गावांत असं नव्हतं. सोनबा खूश झाला. म्हणाला, "एकदम साफ गाव हाय हे." मी नोंदवहीत एकाखाली एक शून्य लिहीत गेलो. प्रशिक्षणात आम्हाला एक ओळ शिकवली होती की नुकताच गोवर झालेल्या माणसाच्या बाबतीत ही सुई खोटं बोलू शकते. त्या दिवशी ती ओळ मला आठवली नाही. एका मुलीचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं. मी तिचा हात धरला असताना ती माझ्या तोंडावर शिंकली. मी हसलो आणि रुमालाने तोंड पुसलं.

एकोणतिसाव्या वर्षी

लहानपणी आमच्या घरी गोवर आला तेव्हा मी करडीला मामाकडे होतो, म्हणून तो मला झालाच नव्हता. त्या गावाहून आल्यावर दहा-बारा दिवसांनी अंग तापलं. डोळ्यांना उजेड सोसेना. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उतरायला लागला आणि छाती-पोट भरून गेलं. मोठ्या माणसाला गोवर झाला की तो लहान मुलापेक्षा जास्त ठोकतो. दोन दिवस मी काय बोललो ते मला आठवत नाही.

"माता हाय," माय म्हणाली. "लहानपनी चुकली, आता आली. कोनी दवाखान्याचं नाव काढायचं नाई."

माझी बायको कौसल्या, घरात सगळे तिला कौसा म्हणतात, मोहाडीच्या विणकरांच्या घरातली. चौथीपर्यंत शिकलेली, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "याइले श्वास पुरून नाई राहिला. साकोलीच्या डॉक्टरले दाखवून आनू."

"तुया माहेरी चालत असंल. या घरात मातेपुढं डॉक्टर नाई येत."

मी ग्लानीत होतो, मध्ये पडायचा प्रश्न नव्हता. आज वाटतं, त्या घरात माझ्या आजारपणाचं भांडण होतं ते तिथूनच सुरू झालं, आणि त्यात कौसा पहिल्यापासून एकटी होती.

मी उठून बसायला लागलो तोवर आमची निमा तापाने पडली. निमा म्हणजे निर्मला, आमची एकुलती एक मुलगी, चार वर्षांची. गोवर तिला माझ्याकडूनच लागला. तिचाही निघाला, तिचाही गेला. मायने पूजा केली, मातेला गावाच्या वेशीपर्यंत पोचवून आली, आणि घर लख्ख सारवलं.

दोन हात

खोकला मात्र राहिला. संध्याकाळी अंग किंचित तापायचं, पहाटे घामाने बनियन ओलं व्हायचं. मे महिना होता. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, उन्हाळा आहे. मीही म्हणालो. पण असा ताप, असा घाम मी शेकडो घरांत लोकांकडून ऐकून लिहून घेतला होता. वडिलांचाही मला आठवत होता.

साकोलीला जाऊन मी सोनबाकडून सुईचं सामान मागून आणलं आणि घरी स्वतःला टोचलं. तीन दिवसांनी ओसरीवर उजेडात बसून बाही वर केली.

हात कोरा होता. गाठ नाही, लाली नाही. टोचलेली जागासुद्धा शोधावी लागली.

दुसऱ्या कोणाचा असता तर मी शून्य लिहून पुढे गेलो असतो. पण तो माझा हात होता, दर वेळी बोराएवढा फुगणारा. एकदा चढलेला हात असा एकाएकी कोरा होत नाही, आत काहीतरी मोठं बिघडल्याशिवाय. मग मी मनाला समजावलं की औषध उन्हाने खराब झालं असेल. खात्री करायला म्हणून त्याच कुपीतून कौसाला टोचलं.

तिसऱ्या दिवशी ती भांडी घासून ओले हात पुसत आली. तिचा हात चांगलाच चढला होता. लाल, टणक, ठसठशीत. म्हणजे औषध ठीक होतं. कौसाच्या शरीराने जंतू ओळखला होता, तसं आमच्या भागातल्या कितीतरी मोठ्या माणसांचं शरीर ओळखतं. माझ्या शरीराने ओळखला नव्हता. माझा हात तिच्या हाताशेजारी धरून मी बघत राहिलो.

माय दारात उभी होती. "काय दिसलं गा?"

"माया चढला," कौसा म्हणाली. "याइचा नाई चढला."

माय दोन पावलं मागे सरकली. "म्हनजे तिलेच हाय ते. तुया बापाले होतं ते."

कौसाने माझ्याकडे बघितलं. मी वर्षानुवर्षं पारावर, शाळेत, ग्रामपंचायतीसमोर ओरडून सांगितलेलं वाक्य त्या क्षणी मला सांगायचं होतं की चढलेला हात म्हणजे रोग नव्हे. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुझा कोरा का? त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. स्वतःलाही द्यायचं नव्हतं.

मी म्हणालो, "पायू. अजून नक्की नाई."

वेगळं ताट

त्याच दिवशी मायने कौसाचं ताट, लोटा आणि वाटी वेगळी केली. तिचं अंथरूण गोठ्याला लागून असलेल्या सपरीत गेलं. निमाला तिच्याजवळ जाऊ द्यायचं बंद झालं. "पोरीचा तरी विचार कर वो," माय म्हणायची. ती दुष्ट नव्हती. तिने नवऱ्याला खोकून मरताना पाहिलं होतं आणि ती नातीला वाचवत होती.

निमाची गोधडी माझ्या शेजारी टाकली गेली.

हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. कौसा खोकत नव्हती, तिला ताप नव्हता, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन ती न थांबता घरी यायची. खोकत मी होतो. दुपारी निमा माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची आणि मी तोंड दुसरीकडे करून खोकायचो. तोंड वळवलं म्हणजे झालं, असं मी ठरवलं होतं. लोकांना मी काय सांगत फिरलो होतो ते मला पाठ होतं.

कौसा सपरीतून निमाला हाक मारून गोष्टी सांगायची. निमा अंगणाच्या मध्यावर बसून ऐकायची, कारण आजीने तिथपर्यंतच जायला सांगितलं होतं. एकदा माय बाजाराला गेली असताना कौसा माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी त तपासनीवाले जी. दुनियेले सांगता. मले सांगा ना, मले हाय का ते? अन असंल त दवाखान्यात काहून नाई नेऊन राहिले?"

"रोवनी होऊ दे," धानाच्या लावणीचं निमित्त करून मी म्हणालो. "मंग जाऊ. काही होत नाई तुले."

तिने मान हलवली आणि सपरीत गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता. त्या विषयातलं मलाच कळतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

निदानाचा दिवस

पाऊस सुरू झाला. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, हातभर झाली होती. मी बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा होतो. खोकला आला आणि तोंडात खारट चव आली. थुंकलो तर रक्त. मी पायाने चिखल ओढून ते झाकलं आणि इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम आहे सांगून भंडाऱ्याची बस धरली. बसमध्ये पुन्हा रक्त आलं. शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन उभा राहिला.

दवाखान्यात छातीच्या रोगांच्या डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. फोटो काढला, बेडका तपासला. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही बाजूंना ढग होते, उजवीकडे वर एक पोकळी. असे फोटो मी पाहिले होते. खाली आपलं नाव लिहिलेला पाहिला नव्हता.

"बाई, पण माझा हात कोरा आहे," मी म्हणालो. अजूनही मला ते सांगायचं होतं.

त्यांनी फोटो खाली ठेवला. "आधी चढायचा?"

"दर वेळी."

"गोवर कधी झाला?"

मी सांगितलं. त्यांनी केसपेपरवर तारीख लिहिली. मग म्हणाल्या, "गोवराचा विषाणू नुसता अंगावर पुरळ आणून जात नाही. शरीरात ज्या पांढऱ्या पेशी पहारा देतात, त्यांच्यातच तो शिरतो. तिथेच वाढतो. गावात दरोडा पडला तर कोतवाल दवंडी देतो ना? हा पहिल्यांदा कोतवालाचाच गळा धरतो. पुरळ जातो, ताप जातो, पण पुढे कितीतरी आठवडे ते पहारेकरी नीट ओळखत नाहीत, ओरडत नाहीत. तुमच्या छातीत तुमच्या वडिलांच्या वेळचा जंतू दबून बसला होता. त्याला कोणी अडवलं नाही. हात कोरा राहिला तो रोग नाही म्हणून नव्हे. शरीराने सांगायचं सोडलं म्हणून."

मी खाली बघत होतो.

"तुम्ही तर याच कामातले. हे शिकवतात तुम्हाला."

"शिकवतात."

"घरी लहान मूल आहे?"

"मुलगी. चार वर्षांची."

"तिलाही गोवर झाला?"

"झाला."

"झोपते कोणाजवळ?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "माझ्याजवळ."

"आजच घरी पत्र टाका," त्या म्हणाल्या. "मुलीला ताबडतोब इथे आणायला सांगा. तिचाही हात कोरा येईल. त्यावर जाऊ नका."

दोन पोस्टकार्डं

मला त्याच दिवशी भरती करून घेतलं. खाटेवर बसून मी मायच्या नावाने कार्ड लिहिलं. लिहिलं की मला थोडा छातीचा त्रास आहे, इथे घरच्या सगळ्यांची तपासणी करतात, निमाला घेऊन ये. थोडा त्रास. तपासणी. बाकी काही लिहिलं नाही. गावात कार्ड मास्तर वाचून दाखवायचे आणि ते आधी चार जण ऐकायचे, हे माझं कारण होतं.

मायने विचार केला, रोवणी तोंडावर आहे, पोर धड आहे, बिमाऱ्यांच्या घरात तिला कशाला न्यायचं? तिने कार्ड कोनाड्यात ठेवलं. पोरीला कौसाचा हात लागू द्यायचा नव्हता, मग कौसाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

वॉर्डातले दिवस ठरलेले होते. सकाळी घंटा, मग थुंकीच्या डब्या गोळा करायला माणूस यायचा, मग सिस्टर. दुखऱ्या जागी रोज इंजेक्शन. गोळ्या सिस्टरसमोर गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. सोमवारी वजन. शेजारच्या खाटेवर वैनगंगेकाठचा एक ढिवर होता, लक्ष्मणकाका. मासे धरणारा माणूस, पाण्याशिवाय कासावीस व्हायचा. तो मला दर दुपारी विचारायचा, "आली का तुयी पोरगी?" आठ दिवस मी नाही म्हणत होतो.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी थांबल्या. "मुलगी कुठे आहे?"

"पत्र लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही अजून लपवताय," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसरं कार्ड मी कौसाच्या नावाने लिहिलं. तुला काही नाही. रोग मला आहे. मला ते हात बघितल्या दिवसापासून कळलं होतं. निमा माझ्याजवळ झोपत होती. कोणाचं ऐकू नको, मायचंही नाही, तिला उचल आणि ये. जागा उरली होती तिथे माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. लक्ष्मणकाकाने ते आपल्या पुतण्याकडून बसने पाठवलं, म्हणजे टपालाचे दिवस वाचावेत.

कौसा आली

ती आली तेव्हा निमा तिच्या खांद्यावर होती. चालती-फिरती मुलगी खांद्यावर का, हे मला लांबूनच कळलं. तीन दिवसांपासून ती उलट्या करत होती. डोकं दुखतं म्हणायची, मग नुसतीच झोपायला लागली. मायला वाटलं जंत झाले असतील. कौसाने कार्ड वाचलं, सपरीतून उठली, घरात गेली, मायच्या समोरून पोरीला उचललं आणि निघाली. माय आडवी आली तेव्हा तिने कार्ड तिच्या हातात दिलं. मायला वाचता येत नव्हतं. ती ते कार्ड घेऊन मास्तरांकडे धावली, तोवर कौसा बसमध्ये होती.

निमाच्या पाठीतून पाणी काढून तपासलं. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. हाताला सुई दिली, तोही हात कोराच राहिला. त्यावर कोणी गेलं नाही, उपचार पहिल्या तासापासून सुरू झाले.

संध्याकाळी कौसा माझ्या वॉर्डाच्या दाराशी आली. आत आली नाही.

"तुमाले तवाच कळलं होतं?"

"हो."

"हात पायला त्या दिवशी?"

"हो."

"मी त्या सपरीत बसून काय वाटून घेत होतो, तुमाले ठाव हाय का? वाटे, मीच माया पोरीले मारीन. म्हनून तिच्या अंगाले हात नाई लावला मी. ते रडे तरी नाई लावला."

मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला सांगायला लागलो. पांढऱ्या पेशी, गोवर, पहारा. शेवटी मी म्हणालो की शरीराने मला सांगितलंच नाही.

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "गोवरानं तुमच्या आंगातले राखनदार मुके केले, समजलं मले. तुमची जीभ कोनं मुकी केली जी?"

आणि ती गेली.

नळ

मुलांचा वॉर्ड अंगणापलीकडे होता. मला तिथे जायची मनाई होती, माझ्या बेडक्यात अजून जंतू होते. दोन्ही इमारतींच्या मध्ये पाण्याचा नळ होता. कौसा सकाळ-संध्याकाळ तिथे लोटा भरायला यायची. मी व्हरांड्याच्या कठड्याशी उभा असायचो. ती माझ्याशी बोलत नव्हती. पण लोटा भरल्यावर एकदा वर बघायची आणि मान हलवायची. म्हणजे निमा आहे. मग जायची.

एकवीस दिवस असे गेले. त्यातल्या एका सकाळी ती नळावर आलीच नाही. मी कठडा धरून उभा होतो. इंजेक्शनची वेळ झाली, सिस्टरने हाक मारली, मी हललो नाही. लक्ष्मणकाका अंगावर टॉवेल टाकून खाली उतरला, बिमार माणूस, अंगणात धापा टाकत गेला. परत येताना लांबूनच त्याने हात वर केला. पोरीला आकडी आली होती, आता थांबली होती. तो खाटेवर पडला आणि बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. सहा आठवड्यांनी बरं वाटायला लागल्यावर तो औषध अर्धं टाकून नदीकडे निघून गेला. मी हातापाया पडलो, ऐकलं नाही. वर्षाच्या आत गेला. जे हे वाचतील त्यांना सांगतो, बरं वाटणं आणि बरं होणं यांत वर्षाचं अंतर असतं. औषध मधेच सोडू नका.

बाविसाव्या दिवशी नळावर कौसा थांबली. मान हलवली आणि बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पेज मांगून राहिली."

ती तिथेच नळाच्या ओट्यावर बसून रडली. मी वर उभा राहून रडलो.

माय त्याच आठवड्यात आली होती. पोरीला लांबून पाहून गेली. कौसासमोर उभी राहून तिने पिशवीतून चिवडा काढला, कौसाचं वेगळं केलेलं ताट काढलं, ते राखेने घासून चकचकीत केलेलं होतं. त्यात चिवडा घालून पुढे धरला. कौसाने निमाच्या खाटेकडे बोट दाखवलं. माय ताट तिथे ठेवून व्हरांड्यात जाऊन बसली आणि बसची वेळ होईपर्यंत बसून राहिली. हे मला सिस्टरने सांगितलं.

निमा बसायला लागली, चालायला लागली. मग एक दिवस कौसाच्या लक्षात आलं की मागून हाक मारली तर ती वळत नाही. ऐकणं रोगाने नेलं की ज्या इंजेक्शनने जीव वाचवला त्याने नेलं, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने थोडं.

मी डॉक्टरीणबाईंना जंगलालगतच्या त्या गावाबद्दल सांगितलं, नोंदवहीतल्या शून्यांबद्दल. पावसाळा संपल्यावर पथक पुन्हा तिथे गेलं. सोनबाने येऊन सांगितलं की बऱ्याच पोरांचे हात आता चढले, दोघांना औषध सुरू केलं. आणि एक पोर हात वाचायला मिळालंच नाही. ते श्रावणातच खोकल्याने गेलं होतं. ती शिंकलेली मुलगी का, हे मी सोनबाला विचारलं नाही.

आता

या गोष्टीला दहा वर्षं होत आली. मी बरा झालो. दवाखान्यातून निमाला घेऊन माहेरी गेलेली कौसा घरी परत आली, एका अटीवर. गावातल्या लोकांसमोर मी सांगायचं की रोग तिला कधीच नव्हता आणि मला ते माहीत होतं. मी पारावर उभा राहून सांगितलं. माय अंगणातून ऐकत होती. तेव्हापासून घरात ताटं एकत्र आहेत. कौसा माझ्याशी नीट बोलते. पण अंग दुखलं, कपाळ तापलं, तर ती मला सांगत नाही. थेट साकोलीच्या डॉक्टरकडे जाते.

आता गोवराची लस आली आहे, आमच्या आरोग्य केंद्रातही मिळते. ती मुलांना द्या. आणि घरात गोवर येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने मुलाला खोकणाऱ्या माणसापासून दूर ठेवा, ताप रेंगाळला तर मातेची मर्जी म्हणून थांबू नका. एखाद्या तपासणीत काहीच निघालं नाही, तरी ज्याचं अंग रोज बिघडत चाललं आहे त्याने तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

निमा नववीत आहे. पहिल्या बाकावर बसते, ओठ बघून ऐकते, गणितात हुशार आहे. लहानपणी आजारी पडले होते म्हणून ऐकू येत नाही, एवढंच तिला माहीत आहे. हे मी लिहितोय हे कौसाला कळलं, तेव्हा तिने सगळं वाचून काढलं. म्हणाली, "छापा. पन ते आता वाचते. कागदावरून कळाच्या आधी तुमीच सांगा तिले."

उद्या रविवार आहे, तिला सुट्टी आहे. मी तिच्या उजव्या बाजूला बसणार आहे. असलं काही माणूस हळू आवाजात सांगतो, डोळे खाली घालून. तिला तसं ऐकू येणार नाही. मला तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून, मोठ्याने सांगावं लागेल, आणि तिला एखादा शब्द कळला नाही तर तो पुन्हा म्हणावा लागेल.